चार तारांचे चारशे रुपये

"मॅडम, चार तारांचे चारशे रुपये होते काय हो?"

मेंदीच्या कुंपणापलीकडून प्रश्न आला. सकाळचे साडेसात वाजलेले, मे महिना, म्हणजे यवतमाळात अंगणात उभं राहून बोलायला फार तर पाऊण तास उरलेला. त्यानंतर ऊन दोघींनाही घरात हाकलतं. काकूंच्या हातात कढीपत्त्याची डहाळी होती. ती माझ्याच झाडाची, पण तो विषय आमच्यात निघत नाही.

"कसल्या तारा, काकू? विजेच्या?"

"नाई वं माय! त्या लहान्या गिटाराच्या. माह्या नातवाच्या."

मग लक्षात आलं. काकूंच्या धाकट्या लेकीनं पुण्याहून भाच्याच्या वाढदिवसाला उकुलेले पाठवलं होतं. ऑनलाइन मागवलेलं, पिशवीसकट, वर एक पट्टा आणि चार जादा तारा फुकट. गेला महिनाभर संध्याकाळी आमच्या अंगणापर्यंत त्याचा आवाज येत होता. पोरगा मन लावून वाजवायचा, ताल चुकायचा नाही, आणि तरी कानात कुठंतरी खडा लागायचा.

"पोट्टं रोज बसे," काकू म्हणाल्या. "मोबाइलात पाहून पाहून बोटं ठेवे. बोटाले वळ पडले, पन सूर काही लागे नाई. त्याचा बाप म्हने, याच्या नशिबात गानं नाई, अभ्यास कर म्हना. मी म्हटलं, थांब जरा. मले काही वेगळंच वाटून राह्यलं होतं."

काकूंच्या कानावर माझा विश्वास आहे. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत त्यांचं अख्खं आयुष्य गेलं. सासऱ्यांनी मोझरीला तुकडोजी महाराजांची खंजिरी समोर बसून ऐकलेली, हे त्या नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगतात. काका पेटी वाजवत, आणि त्यांनी पट्टी बदलली की काकू स्वयंपाकघरातून ओरडत, "खाली घ्या, बायांचा गळा नाई पोचत!"

"काय वेगळं वाटत होतं?"

"तार सुटी सोडली का बराबर सुरात. पयल्या पडद्यावर बोट ठेवलं का चढे. दुसऱ्यावर जराक कमी चढे. अजून खाली गेलं का ठीक. आता मले सांगा, पोट्टं खोटं असतं तं सगळीकडंच खोटं वाजलं असतं न? म्हनून मी म्हटलं, हे वाद्यच खोटं हाये."

इतकं नेमकं निदान मी तरी केलं नसतं. आणि ते बरोबर निघालं.

"मंग घेतलं पिशवीत अन् गेली त्या दुकानात. तो नाई काय, दत्त चौकाच्या अलीकडच्या बोळीतला? त्याचा बाप आमच्या मंडळाच्या पेट्या दुरुस्त करे. आता पोरगा बसते."

ते दुकान मी ओळखते. एक शटर, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. भिंतीवर ढोलक्या, खंजिऱ्या, टाळ-चिपळ्या. कोपऱ्यात तबल्याच्या वाद्या आणि गट्टे. टेबलाखाली पेटीचे जुने भाते. या धंद्याचा श्वास पोळ्यानंतर सुरू होतो. गणपती, मग आमच्या यवतमाळची नवरात्र. दुर्गोत्सव आला की जिल्ह्यातल्या मंडळांना ढोलकी ताणून हवी असते आणि सगळ्यांना उद्याच हवी असते. बाकीचे महिने पेटीच्या सुरपट्ट्यांवर आणि तबल्याच्या पुड्यांवर निघतात. अलीकडं मात्र शटरजवळ निळी, पिवळी, गुलाबी उकुलेले टांगलेली दिसतात. पोरं मोबाइलवर बघतात आणि मागतात. गिटार मोठं, महाग, बोटं सोलणारं. हे लहान, चारच तारा, त्याही नायलॉनच्या.

"त्यानं काय केलं?"

"आधी तं काहीच केलं नाई. म्हने, काकू, बसा. अन् नुसतं पाहात राह्यला. वाजवलं बी नाई! एक डोळा मिटून दांडीवरून पाहे. मंग पालथं करून पाहे. बोटाच्या पेरानं पोटावर ठोके, पाठीवर ठोके, कान लावे. मी म्हटलं, बापा, ते काय टरबूज हाये? तं म्हने, आतली काडी सुटली असन तं खडखड वाजते."

काडी म्हणजे आतून चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या. वाद्याचं पातळ तोंड तारांच्या ओढीनं फुगू नये म्हणून त्या असतात. एखादी उखडली असेल तर ठोकल्यावर आवाज पोकळ होतो किंवा झणझणतो. मग म्हणे त्यानं मोबाइलचा दिवा आवाजाच्या भोकात घातला आणि आत सरस कुठं ओघळलाय, कुठं लागलाच नाही, ते पाहिलं. शेवटी कागदाची पट्टी घेऊन ब्रिजच्या कडेकडेनं सरकवली. ज्या लाकडी ठोकळ्याला खालच्या बाजूनं तारा बांधतात, तो हा ब्रिज. कागद कुठं आत शिरला, तर ठोकळा उचलला जातोय असं समजायचं.

"शिरला?"

"नाई. म्हने, काकू, नशीब चांगलं हाये, एवढं असतं तं मी हातच लावला नसता, वापस पाठवा म्हटलं असतं. मंग खुंट्या पाह्यल्या. एक तं अशी ढिल्ली, का हलवली का गरागरा फिरे! इत्तुकसा पेचकस घेतला, आवळली, झालं. त्याचे काही नाई घेतले म्हना त्यानं."

शेवटचं वाक्य काकूंनी नाइलाजानं उच्चारलं.

तेवढ्यात त्यांच्या सुनेनं आतून चहा उतू गेल्याची वर्दी दिली. "जाऊ दे उतू, गॅस बंद कर," असं म्हणून काकू कुंपणाच्या आणखी जवळ आल्या.

"अन् मॅडम, मी त्याचं भांडं फोडनार होती. सांगतो का नाई! त्यानं तारा वाजवल्या, तं सगळ्यात वरची तार बारीक! आता कोन्या वाद्यात वरून जाडी तार येते, गिटारात तसंच असते, माहे डोळे काही फुटले नाई. मी म्हटलं, कारखान्यानं तार उलटी लावली अन् तुले दिसत नाई काय? तं हासाले लागला. म्हने, काकू, याची हेच रीत हाये."

रीत खरंच तशी आहे. उकुलेलेची वरची, म्हणजे चौथी तार दुसरीपेक्षाही उंच सुरात असते. पेटीवर पांढरी एक हा सा धरला तर वरून खाली तारा प, सा, ग, ध अशा लागतात, आणि त्यातला तो पहिला प वरच्या सुराचा. मी हे कुंपणावर बोटं ठेवून दाखवलं. काकूंनी मान डोलावली.

"हो. त्यानंही पेटीवर पांढरी एकच दाबली होती. मोबाइलवर काटा होता तरी पेटीच दाबली, बापाची सवय. मी गुनगुनलं, प, सा, ग, ध. म्हटलं, अरे, हे तं भूप होय! एक रे तेवढा नाई."

भूपाच्या पाच सुरांतले चार सुट्या तारांतच मिळतात, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. काकूंनी दुकानात उभ्या उभ्या काढलं. तारा चढत्या क्रमानं नसणं तसं आपल्यालाही परकं नाही. तंबोऱ्यात पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, आणि सगळ्यात खालचा खर्ज शेवटी. कुणी त्याला उलटा म्हणत नाही.

"मंग?"

"मंग खरं काम. मी सांगतो ते आयका, कामाचं हाये. त्यानं तार दुसऱ्या अन् तिसऱ्या पडद्याच्या मधात दाबली. अन् पयल्या पडद्यावर तार किती उचललेली हाये ते पाह्यलं. कागद घातला. गेला. दुसरा कागद घातला. तोही गेला. अख्खं बिल घडी करून घातलं, तेही गेलं! म्हने, हे पाहा काकू, इथं फक्त एक कागद जाईन न जाईन इतकंच अंतर पाहिजे. इथं तं बैलगाडी जाते."

ज्या पांढऱ्या पट्टीतून तारा खुंट्यांकडं जातात तिला दुकानदार नट म्हणतात. तिच्यात चार खाचा असतात. खाच उथळ राहिली तर तार पडद्यापासून फार वर राहते. पहिला पडदा दाबायला जोर लागतो, आणि तार इतकी खाली ओढावी लागते की ती ताणली जाऊन तिचा सूर चढतो. काकूंच्या नातवाची बोटं दुखत होती आणि सूर चढत होता. दोन्हीचं मूळ त्या एका पट्टीत होतं. खाली, पाचव्या-सातव्या पडद्याकडं, पट्टीपासून अंतर वाढतं तसा हा दोष विरत जातो. काकूंच्या कानाला नेमकं तेच लागलं होतं.

"पन मॅडम, कारखान्यात कोनी पाहात नाई काय? इतका पैसा घेते!"

याचं उत्तर मला आवडतं, कारण त्यात धंद्याचं सगळं शहाणपण आहे. स्वस्त वाद्य बनवणारा कारखाना ती पट्टी मुद्दाम उंच ठेवतो. उंच राहिली तर वाद्य फक्त कडक लागतं, आणि नवख्याला ते कळतही नाही. तो स्वतःच्या बोटांना दोष देतो. पण खाच केसभर जरी खोल गेली तर तार पडद्यावर आपटून झणझणते, आणि झणझणणं आंधळ्यालाही ऐकू येतं. असं वाद्य परत येतं. म्हणून कारखाना सुरक्षित बाजूला थांबतो आणि उरलेलं काम पुढच्या माणसावर सोडतो. पुढं माणूसच नसेल, थेट खोक्यातून पोराच्या हातात गेलं, तर ते काम राहूनच जातं.

काकूंनी हे ऐकलं आणि एका वाक्यात निकाल लावला. "म्हनजे नवं जातं आनलं का टाकी लावूनच घ्या लागते, तसंच झालं."

"तसंच."

"मंग त्यानं कानशी काढल्या. किती बारीक, मॅडम! एकेक खाच घासे, तार बसवे, कागद घाले, अजून घासे. मी म्हटलं, एकदाच घास न बापा, चहा थंडा होऊन राह्यला. तं म्हने, काकू, घासलेलं वापस येत नाई."

खाच घासतानाही नुसतं खोल जाऊन भागत नाही. ती खुंटीच्या बाजूला किंचित उतरती हवी, म्हणजे तार पट्टीच्या पुढच्या कडेवरूनच सुटते. उतार उलटा गेला तर तार मागच्या कडेवरून सुटते आणि खाचेतच किरकिरत राहते. हे त्यानं काकूंना सांगितलं असेलच, पण काकूंच्या बातमीत त्याला जागा मिळाली नाही, कारण पुढची बातमी मोठी होती.

"अन् एका खाचेत कारखान्यानंच जास्ती घासलं होतं. ते तार पयल्या पडद्यावर झर्रर करे. मले वाटलं आता गेलं, नवी पट्टी लागते, पैसे लागते. त्यानं काय केलं, सांगा? खायचा सोडा!"

"काय?"

"खायचा सोडा, मॅडम! भज्यात टाकतो तो. चिमूटभर त्या खाचेत भरला, वरून फेविक्विकचा एक थेंब. असा चटकन दगड झाला. मंग पुन्हा घासून खाच केली. घरी येऊन सुनेले सांगतलं, तं ते म्हने, आता भजे करताना मले तेच आठवन."

हा उपाय जगभरचे वाद्य दुरुस्त करणारे करतात. हाडाचा भुगा असेल तर तो, नाहीतर सोडा. कायमचा इलाज नवी पट्टीच, पण अडीच हजाराच्या वाद्यासाठी हा पुष्कळ आहे. त्या पोरानं नवी पट्टी गळ्यात मारली नाही, हे मी काकूंच्या नजरेस आणून दिलं. त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"मंग खालची पट्टी. ब्रिजमधली. ते काढाच्या आधी त्यानं फूटपट्टीनं मोजलं. बाराव्या पडद्यावर तार किती उंच हाये ते. म्हने, अर्धा मिलिमीटर जास्ती हाये. अन् काचेच्या तुकड्यावर सँडपेपर ठेवून पट्टीचं बूड घासाले लागला, तं घासलं एक मिलिमीटर! मी म्हटलं, थांब! हिशेब चुकला तुया. अर्धा म्हटलं अन् एक घासून राह्यला. मी काय शाळा नाई शिकली काय?"

"मग?"

"म्हने, काकू, बारावा पडदा तारेच्या बराबर मधात येते. एका टोकाले जितकं खाली कराल त्याच्या निम्मंच मधात उतरते. म्हनून दुप्पट घासा लागते. मी विचार केला. खाटेचा एक पाय कापला तं मधात निम्मंच खाली जाईन न? बराबर हाये. मंग म्हटलं, घास."

बाराव्या पडद्याशी तार साधारण अडीच मिलिमीटरवर ठेवतात. कुणाला थोडी खाली आवडते, कुणाला वर. जोरात झोडणाऱ्याला वर लागते. पट्टी बुडातून घासायची, डोक्यावरून नाही, कारण डोक्यावरचा गोलावा सुरासाठी केलेला असतो. आणि काच कशाला, तर सपाटपणासाठी. बूड जरा जरी वाकडं घासलं तर ते ब्रिजच्या खोबणीत नीट टेकत नाही आणि आवाज बसतो.

मग पडद्यांची पाळी. एक लहान स्टीलची पट्टी तीन-तीन पडद्यांवर ठेवून त्यानं डुगडुगते का ते पाहिलं. डुगडुगली तर मधला पडदा उंच. तसा एक निघाला, तो त्यानं घासून समतल केला. पण काकूंना महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच.

"अन् दांडीच्या कडेले हात फिरवला का टोचे. पोट्टं म्हने, आजी, हे चावते. मले वाटलं घडाईच तशी. तं दुकानवाला इचारते, काकू, हे कुठं ठेवता? मी सांगतलं, खिळ्याले. खिळा कुठं? कूलरच्या वर. बाहेर रात्री कारमधी राह्यतं काय? हो, दोन-तीनदा राह्यलं. तं डोकंच धरलं त्यानं."

आमच्या उन्हाळ्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश चढतात आणि हवेतलं पाणी आटून जातं. लाकूड आटतं. धातूचे पडदे आटत नाहीत. त्यामुळं दांडीची पट्टी अरुंद होते आणि पडद्यांची टोकं दोन्ही कडांनी बाहेर डोकावतात. तेच टोचतं. पुढं जूनमध्ये पाऊस लागला की तेच लाकूड पाणी पितं, फुगतं, तोंड जरा वर येतं आणि तारा पुन्हा उंच होतात. दुकानदारानं टोकं तिरकी घासून दिली आणि सांगितलं की कूलरच्या झोतात नको, बंद गाडीत नको, टिनाच्या छताखालच्या माळ्यावर तर नकोच. पिशवीत घालून आतल्या खोलीत ठेवा. फारच कोरडं झालं तर भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला स्पंज पिळून ठेवा, पाणी गळता कामा नये.

"म्हने, तुमचं प्लायचं हाये म्हनून वाचलं. सबंद लाकडाचं असतं तं फाटलं असतं."

हेही खरं. स्वस्त वाद्याचं पोट एकमेकांवर आडव्या-उभ्या चिकटवलेल्या पातळ थरांचं असतं. आवाज जरा बंद, पण विदर्भातला मे महिना सोसणारं. एकसंध लाकडाचं वाद्य गातं चांगलं आणि तडकतं लवकर. मला विचाराल तर आमच्याकडच्या पोराला पहिलं वाद्य प्लायचंच द्यावं, आणि वाचलेले पैसे अशा दुकानात द्यावेत.

"मूळचं कुठलं हो हे? चीनचं?"

"बनून येतं बहुतेक चीनहून. मूळचं हवाईचं." आणि मग मला राहवलं नाही. १८७९ साली 'रेव्हन्स्क्रॅग' नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून माणसं भरून होनोलुलूला पोचलं. उसाच्या मळ्यांत काम करायला आणलेले लोक. त्यांच्यात तीन सुतारकाम जाणणारे होते, मान्युएल नुनेस, आउगुस्तो डियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो. मदेरात एक लहान चार तारांचं वाद्य वाजवत, त्यावरून त्यांनी तिथल्या कोआ लाकडात हे नवं वाद्य घडवायला घेतलं. राजा कालाकौआनं ते दरबारात आणलं. पुढं १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी ते वाजवलं आणि अमेरिकेला वेड लागलं.

काकूंनी या सगळ्यातलं एकच उचललं. "ऊसतोडीवाले होते म्हना. आपल्या पोफाळीच्या कारखान्यावर येते तसे. त्याईच्याबी टोळ्यात कोनी न कोनी ढोलकी घेऊन येतेच."

मी पुढं राजाबद्दल सांगणार होते, पण त्यांचं म्हणणं जास्त बरोबर होतं.

"शेवटी काय झालं? वाजलं?"

"थांबा न, सांगतो. तारा लावल्या. मंग एकेक तार ओढे, हलक्यानं, बोटानं वर उचलून. पुन्हा सुरात लावे, पुन्हा ओढे. म्हने, नायलॉनची तार सैलावते, चार-आठ दिवस उतरत राहीन, घाबरू नका, लावत राहा. मंग सुटी तार वाजवली. बाराव्या पडद्यावर बोट ठेवून वाजवली. म्हने, काकू, आयका, वरचा सा जुळते काय? मी म्हटलं, तू मोबाइलात पाहा न. तं म्हने, तुमी सांगा."

काकू जरा थांबल्या. या वाक्यानं त्या दुकानदारानं त्यांना कायमचं जिंकलं आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मी म्हटलं, तीन तारा बराबर. ते ध ची तार किंचित वर हाये. त्यानं काटा पाह्यला. बराबर होतं! पट्टीचं तोंड जराक मांगं घासलं, पुन्हा लावली, जुळली. मंग पोट्ट्याच्या हातात देल्लं. त्यानं पयलंच बोट ठेवलं अन् माह्याकडं पाह्यलं. म्हने, आजी, हे तं बिना जोर लावता दबते!"

पोराच्या मामानं मध्येच शहाणपणा केला होता म्हणे. आवाज मोठा यावा म्हणून गिटारच्या स्टीलच्या तारा लावून घ्या, असा त्याचा फोन आला. दुकानदारानं साफ नकार दिला. नायलॉनच्या ओढीसाठी बनवलेलं वाद्य, त्याला स्टील चढवली तर ब्रिज उखडून हातात येईल. पैसे मिळत असताना नाही म्हणणारा माणूस काकूंना फार आवडतो. आणि तरी चारशेचा विषय त्यांच्या मनातून जात नव्हता.

"तीनशेत झालं असतं, मॅडम. मी तीनशे म्हटलं. तं म्हने, काकू, माह्याकडून घेतलं असतं तं एक रुपया नसता घेतला."

यात त्याचा हिशेब सरळ आहे, आणि मला तो ठाऊक आहे कारण मी त्याला गेल्या हिवाळ्यात विचारला होता. त्याचा माल नागपूरहून येतो. खोकं उघडलं की टांगण्याआधी प्रत्येक वाद्यावर तो हे सगळं करतो: ठोकणं, कागद, कानस, पट्टी. ज्याचा ब्रिज उचललेला किंवा दांडी वाकलेली असेल ते तसंच परत. त्या मेहनतीची किंमत तो विक्रीत धरतो, म्हणून त्याचं उकुलेले मोबाइलवरल्या भावापेक्षा महाग दिसतं. लोक दुकानात येतात, हाताळतात, वाजवून बघतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन स्वस्तातलं मागवतात. महिन्यानं तेच खोकं घेऊन त्याच्याकडंच येतात. तो चारशे सांगतो तेव्हा त्यांना लूट वाटते. मला स्वतःला चारशे कमी वाटतात, पण हे काकूंसमोर बोलण्याची सोय नाही, त्या लगेच "मंग तुमी द्या न शंभर" म्हणतील.

"मग किती दिले?"

"चारशेच देल्ले. काय करता! अन् खंजिरीची पितळी चकती ढिल्ली होती, ते फुकटात ठोकून घेतली."

म्हणजे सौदा काकूंनीच जिंकला होता.

"पन मॅडम, तुमच्या आईचा तंबोरा हाये न माळ्यावर? तो बी नेऊन टाका त्याच्याकडं. सोड्यानं का कशानं, करून देईन."

तंबोऱ्याचं नाव निघालं आणि मी गप्पच झाले. तो मिरजेचा आहे. आईनं लग्नाआधी घेतलेला, भोपळा अजून शाबूत, पण जवारी पार गेली आहे. गेल्या हिवाळ्यात मी त्याचाच फोटो घेऊन त्या दुकानात गेले होते. त्यानं फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाला, मॅडम, खुंटी बसवून देईन, तार लावून देईन, पण जवारीला हात लावणार नाही. ते मिरजेलाच न्या.

"काहून? घासाचंच तं हाये!"

"घासायचंच आहे, पण उलटं. तुमच्या नातवाच्या वाद्यात तार कुठंच घासता कामा नये, बरोबर? घासली की झर्रर. तंबोऱ्यात ती घोडीवर घासायलाच हवी. जवारी काढताना घोडीच्या माथ्याला असा उतार देतात की तार तिच्यावर लोळत लोळत सुटते. मग खाली सुताचा दोरा सरकवायचा, आणि एका जागी तो आवाज उघडतो. उतार जरा कमी पडला तर तंबोरा मुका, जास्त झाला तर नुसता खरखरतो. तिथं कागद घालून मोजता येत नाही. कानानंच."

"मंग मी हाये न."

त्या विनोदानं म्हणाल्या नव्हत्या.

मी त्यांना मिरजेचं सांगितलं. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यं दुरुस्त करता करता बनवायला लागले, आणि त्यांच्या मागून पिढ्यान्‌पिढ्या सतारमेकर घराणी झाली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले, तेव्हा तंबोऱ्याला ऐकणारा कानही शेजारीच मिळाला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. काकूंनी विचारलं, त्यानं भाव वाढले काय? मी म्हटलं, ते विचारून घेईन.

"पन नेता कसा तो भोपळा? यष्टीत? फुटन न. कुरिअरवाला तं फेकूनच देते." काकूंनी डहाळी दुसऱ्या हातात घेतली आणि जरा विचार केला. "त्या वकिलाची सून सांगलीची नाई काय? कोपऱ्यावरल्या. सांगली-मिरज तं लागूनच हाये म्हंते. त्याईची मोठी गाडी हाये."

"पण ती तर इथंच आहे ना?"

काकूंनी मागं वळून स्वतःच्या घराचं दार पाहिलं, मग वकिलांच्या घराकडं पाहिलं, आणि कुंपणावर पूर्ण वाकल्या.

"तुमाले माहीत नाई? ते गुडीपाडव्यापासून माहेरी हाये. सासू सांगते, पोरीले तिकडची हवा मानवते. आता मले सांगा मॅडम, हवा मानवते तं सोबत फ्रीज कोन घेऊन जाते?"